सेगूरा, पांचो

(२० जून १९२१—१८ नोव्हेंबर २०१७). विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ टेनिसपटू व प्रशिक्षक. जन्माने एक्वादोरचा. पूर्ण नाव फ्रांसीस्को ओलेगार्यो सेगूरा कानो. ‘पांचो’ हे फ्रांसीस्को या स्पॅनिश नावाचे घरगुती रूप होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मायामी विद्यापीठाकडून खेळताना त्याने १९४३, १९४४ व १९४५ अशी लागोपाठ तीन वर्षे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. विसाव्या शतकात असा विक्रम करणारा तो एकमेव खेळाडू ठरला. पुढे धंदेवाईक खेळाडू म्हणून त्याने दीर्घकाळ नाव गाजविले आणि उत्तरायुष्यात जिमी कॉनर्ससारखे शिष्य तयार केले. तथापि विंबल्डन, अमेरिकन, फ्रेंच वा ऑस्ट्रेलियन या चार प्रमुख स्पर्धांच्या एकेरी विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव आढळत नाही. ही यादी आणि त्याच्या समकालीनांचे त्याच्याविषयीचे मत यांत मोठी तफावत आहे. तिची कारणे टेनिसच्या इतिहासातील हौशी व धंदेवाईक या भेदात सापडतात. म्हणून सेगूराचे चरित्र हे एका व्यक्तीच्या यशापयशाबरोबरच त्या व्यवस्थेचेही चरित्र आहे.

बालपण व घडण : सेगूराचे बालपण एक्वादोरमधील ग्वायाकील या बंदराच्या शहरी गेले. कुटुंब मोठे व गरीब होते. भावंडांत तो थोरला. लहानपणी त्याला मुडदूस झाला. या विकारात ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ राहतात व शरीराच्या भाराने वाकतात. त्यामुळे त्याचे पाय गुडघ्यांपाशी बाहेरच्या बाजूस कायमचे बाकदार झाले. हिवताप व अंतर्गळ या दुखण्यांनीही त्याला ग्रासले होते. इतर मुलांच्या दांडगाईच्या खेळांत त्याला भाग घेता येत नसे.

त्याचे वडील शहरातील टेनिस क्लबमध्ये राखणदार होते. हा क्लब श्रीमंतांचा होता आणि त्याच्या सभासदांखेरीज गावात टेनिस खेळणारे जवळजवळ कोणी नव्हते. वडिलांच्या नोकरीमुळे मुलाला क्लबात वावरता येई. चेंडू वेचून देणे, मैदान साफ करणे अशी कामे तो करी आणि सभासद नसताना भिंतीवर चेंडू मारीत बसे. प्रौढांसाठी बनविलेली लाकडी रॅकेट त्या अशक्त मुलाला एका हाताने पेलत नसे, म्हणून तो ती दोन्ही हातांनी धरू लागला. शिकविणारे कोणी नसल्याने ही पद्धत चूक आहे, असे त्याला सांगणारेही कोणी नव्हते. पुढे अंगात बळ आल्यावरही त्याने उजव्या बाजूचा फटका (फोरहँड) दोन्ही हातांनीच मारण्याची सवय सोडली नाही.

सततच्या सरावाने पायांतील व्यंगावर त्याने मात केली. कोर्टावर त्याची चाल विलक्षण चपळ होती. क्लबातील सभासदांना तो सहज हरवू लागला, तेव्हा राखणदाराच्या मुलाने स्पर्धांत भाग घ्यावा की नाही, हा प्रश्न उभा राहिला. १९३८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे बोलिव्हारियन क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांत एक्वादोरचा प्रतिनिधी म्हणून खेळून त्याने विजय मिळविला आणि एका लहान राष्ट्राचा तो रातोरात मानकरी झाला. ज्या क्लबात त्याला चाकराचा मुलगा म्हणून प्रवेश होता, त्याच क्लबाला आता त्याचा अभिमान वाटू लागला.

अमेरिकेत आगमन : १९४० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आला. इंग्रजी त्याला फारसे येत नव्हते आणि जवळ पैसाही बेताचाच होता. हिरवळीच्या कोर्टावर चेंडू खाली राहतो व वेगाने येतो. त्या खेळाचा त्याला सराव नव्हता. आरंभीचे त्याचे पराभव यामुळे झाले. बुटका बांधा (उंची सु. १·६८ मी.), बाकदार पाय आणि दोन्ही हातांचा फटका या गोष्टींचे प्रेक्षकांना प्रथम हसू येई, खेळ पाहिल्यावर मात ते त्याचे चाहते बनत. 

त्याचे गुण ओळखणाऱ्यांत गार्डनर मलॉय (१९१३–२०१६) हा अमेरिकन खेळाडू प्रमुख होता. मलॉय हा स्वतः अव्वल दर्जाचा टेनिसपटू असून फ्लॉरिडा राज्यातील मायामी विद्यापीठाच्या टेनिस संघाचे मार्गदर्शनही करीत असे. त्याच्या प्रयत्नाने सेगूराला त्या विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. सेगूराच्या जीवनाला वळण देणारी ही घटना होय. राहण्याजेवण्याची सोय, नियमित सराव व बरोबरीचे प्रतिस्पर्धी या तिन्ही गोष्टी त्याला प्रथमच एकत्र लाभल्या.

महाविद्यालयीन टेनिस : अमेरिकेत महाविद्यालयीन टेनिसची परंपरा जुनी आहे. तेथील आंतरमहाविद्यालयीन एकेरी स्पर्धा १८८३ पासून चालू आहे. प्रारंभी हार्व्हर्ड, येल यांसारख्या पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांचे तीवर वर्चस्व होते. १८९३ ते १८९५ या तीन वर्षी माल्कम चेस याने सलग अजिंक्यपद मिळविले होते. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे तशी कामगिरी कोणालाही साधली नाही. सेगूराने १९४३ साली प्रथम हे पद जिंकले आणि पुढील दोन वर्षी ते राखले. त्याच्यानंतरही तीन लागोपाठ विजयांची नोंद कोणाच्या नावावर झालेली नाही. भारताचा सोमदेव देववर्मन हा व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००६, २००७ व २००८ अशी तीन वर्षे अंतिम फेरीत पोहोचला. त्यांपैकी पहिल्या वर्षी तो पराभूत झाला व पुढील दोन वर्षी विजयी ठरला. या उदाहरणावरून सेगूराच्या विक्रमाची दुर्घटता लक्षात येते.

सेगूराचा विक्रम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. अनेक तरुण खेळाडू सैन्यात दाखल झाल्यामुळे महाविद्यालयीन स्पर्धांतील चुरस काही अंशी उणावली होती. परंतु एवढ्यावरून त्याच्या यशाचे मोल कमी लेखणे न्याय्य ठरणार नाही. याच काळात फॉरेस्ट हिल्स (न्यूयॉर्क) येथील अमेरिकन राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत १९४२ ते १९४५ अशी चारही वर्षे तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेथे त्याला हरविणारे फ्रँक पार्कर (१९४२), जॅक क्रेमर (१९४३) आणि बिल टॅल्बर्ट (१९४४ व १९४५) हे तिघेही अमेरिकेतील अग्रगण्य खेळाडू होते. १९४४ मध्ये त्याने मातीच्या कोर्टावरील अमेरिकन अजिंक्यपद व १९४६ मध्ये बंदिस्त सभागृहातील अमेरिकन राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

लॅटिन अमेरिकेतील गरीब पण गुणी खेळाडूला शिष्यवृत्तीच्या द्वारे अमेरिकन विद्यापीठात येता येते व तेथून जागतिक टेनिसमध्ये प्रवेश करता येतो, हा मार्ग सेगूराने दाखवून दिला. पेरूचा अलेक्स ओल्मेडो हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विद्यार्थी. तो १९५६ व १९५८ मध्ये महाविद्यालयीन विजेता झाला व १९५९ मध्ये त्याने विंबल्डन जिंकले. त्याच विद्यापीठाचा मेक्सिकन विद्यार्थी राफाएल ओसूना हा १९६२ मध्ये महाविद्यालयीन विजेता व १९६३ मध्ये अमेरिकन विजेता झाला. पुढे जगाच्या सर्व भागांतून विद्यार्थी या वाटेने अमेरिकेत जाऊ लागले.

हौशी व धंदेवाईक : त्या काळी टेनिसमधील सर्व प्रतिष्ठेच्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी राखीव असत. खेळाबद्दल उघडपणे पैसे घेणाऱ्या खेळाडूला विंबल्डन, फॉरेस्ट हिल्स आदी स्पर्धा आणि डेव्हिस चषकाचे सामने कायमचे बंद होत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गाने घालून दिलेला हा नियम होता. ज्यांना पोटापाण्याची चिंता नव्हती, त्यांना तो जाचक नव्हता. ज्यांना ती होती, त्यांनी प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे घ्यावेत किंवा खेळ सोडून नोकरी धरावी, अशी अपेक्षा असे. राखणदाराचा मुलगा असलेल्या सेगूराच्या मागे एक मोठे कुटुंब होते. १९४७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो धंदेवाईक झाला. या एका निर्णयाने त्याला उपजीविकेचे साधन मिळाले. परंतु ऐन उमेदीच्या एकवीस वर्षांत ज्या स्पर्धांवरून जग खेळाडूची किंमत ठरविते, त्यांपैकी एकीतही त्याला पाऊल टाकता आले नाही. एक्वादोरच्या डेव्हिस चषक संघालाही त्याचा उपयोग झाला नाही.

फिरते दौरे : धंदेवाईक टेनिस हे तेव्हा मुख्यत्वे फिरत्या दौऱ्यांच्या स्वरूपाचे होते. विंबल्डन किंवा फॉरेस्ट हिल्सच्या नव्या विजेत्याला आयोजक करारबद्ध करीत आणि तत्कालीन धंदेवाईक विजेत्याशी त्याचे गावोगावी सामने लावीत. मुख्य लढतीपूर्वी दुसऱ्या दोन खेळाडूंचा सामना होई. सेगूराचा पहिला मोठा दौरा अशा दुय्यम सामन्यांचाच होता. २६ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा आरंभ झाला. शहरात प्रचंड हिमवर्षाव होऊन वाहतूक बंद पडली असतानाही सु. पंधरा हजार प्रेक्षक जमले होते. त्या दौऱ्यात बॉबी रिग्झ व जॅक क्रेमर हे मुख्य खेळाडू असून सेगूराची गाठ ऑस्ट्रेलियाच्या डिनी पेल्सशी पडत असे.

कॅनव्हासचे घडीचे कोर्ट मालमोटारीत घालून न्यावयाचे, बर्फावरील खेळांच्या किंवा बास्केटबॉलच्या सभागृहात ते अंथरावयाचे, खेळ संपताच गुंडाळावयाचे आणि रात्रीतून पुढचे गाव गाठावयाचे, असा हा क्रम महिनोन्महिने चाले. जमीन, प्रकाश, छताची उंची ही रोज बदलत. आजारपण वा दुखापत झाली, तरी सामना टाळता येत नसे. कारण तिकिटे आधीच विकलेली असत. या खडतर शाळेत सेगूराचा खेळ परिपक्व झाला.

१९५०–५१ च्या दौऱ्यात त्याला मुख्य खेळाडू म्हणून क्रेमरच्या विरुद्ध उभे करण्यात आले. क्रेमरची जोरकस सर्व्हिस व तिच्या पाठोपाठ जाळ्याकडे धाव घेण्याची पद्धत यांपुढे त्याचा निभाव लागला नाही आणि बहुसंख्य सामने क्रेमरने जिंकले. मात्र स्पर्धांच्या स्वरूपात त्याचे यश मोठे होते. अमेरिकन धंदेवाईक अजिंक्यपद त्याने १९५०, १९५१ व १९५२ अशी लागोपाठ तीन वर्षे मिळविले. ही तीन अजिंक्यपदे तीन निरनिराळ्या प्रकारच्या कोर्टांवरील आहेत, हा त्यांचा विशेष होय. १९५२ च्या अंतिम सामन्यात त्याने रिचर्ड ‘पांचो’ गोन्झालेझ याचा पाच डावांत (सेट) पराभव केला. या दोघांचे टोपणनाव एकच असल्याने सेगूराला ‘छोटा पांचो’ म्हणत.

१९५५, १९५६ व १९५७ या तिन्ही वर्षी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोन्झालेझने त्याला हरविले. लंडनमधील वेंब्ली येथे भरणाऱ्या धंदेवाईक स्पर्धेतही तो १९५१ ते १९६० या काळात चार वेळा उपविजेता ठरला. १९६२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा अमेरिकन धंदेवाईक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्या वेळी त्याला हरविणारा बुच बुखोल्झ त्याच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान होता. दरम्यान हौशी टेनिसमधून दरवर्षी नवे विजेते धंदेवाईक गोटात दाखल होत असत. विंबल्डनचे चषक घेऊन आलेल्या या तरुणांपैकी अनेकांना पहिले कठोर धडे सेगूराकडूनच मिळाले.

खेळाची शैली : सेगूराचा दोन्ही हातांचा उजवा फटका हे त्याच्या खेळाचे मर्मस्थान होते. दोन हातांचा फटका मारणारे तो काही पहिलाच नव्हता; ऑस्ट्रेलियाचे व्हिव्हियन मॅग्रा व जॉन ब्रॉमविच हे १९३० नंतरच्या दशकात एका बाजूस दोन हात वापरीत. तथापि त्या फटक्याला इतकी धार व अचूकता आणणारा सेगूरासारखा खेळाडू पूर्वी झाला नव्हता. जॅक क्रेमर व एल्सवर्थ व्हाइन्झ या दोन श्रेष्ठ खेळाडूंनी या फटक्याची गणना टेनिसमधील सर्वोत्तम फटक्यांत केली आहे.

दोन्ही हातांच्या पकडीमुळे रॅकेट स्थिर राहते आणि अखेरच्या क्षणापर्यंत तिची दिशा बदलता येते. सेगूरा तिरका फटका, सरळ रेषेतील फटका किंवा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून जाणारा उंच फटका (लॉब) यांपैकी काय मारणार, हे त्याच्या हालचालीवरून ओळखता येत नसे. या पद्धतीची उणी बाजू अशी, की दोन हातांनी खेळणाऱ्याची पोच कमी होते व दर वेळी चेंडूजवळ पाऊलभर अधिक जावे लागते. सेगूराने ही उणीव जलद पदन्यासाने भरून काढली. सर्व्हिस हे त्याचे प्रभावी शस्त्र कधीच नव्हते. उंचीच्या अभावी ते तसे होणे शक्यही नव्हते. मात्र समोरच्याची सर्व्हिस परतविण्यात त्याचा हातखंडा होता.

जे बळाने साधत नव्हते, ते त्याने निरीक्षणाने मिळविले. प्रतिस्पर्ध्याचा कोणता फटका दडपणाखाली कच्चा पडतो, अडचणीच्या वेळी तो कोणत्या दिशेला सर्व्हिस करतो, कोणत्या गुणसंख्येवर तो धोका पत्करतो, याची नोंद सेगूराच्या मनात असे. दौऱ्यांत त्याच त्या खेळाडूंशी शेकडो सामने खेळावे लागल्याने ही शक्ती विशेष विकसित झाली. खेळाडू म्हणून ती त्याला उपकारक ठरलीच. पण तिचे पूर्ण मोल पुढे प्रशिक्षकाच्या भूमिकेत कळून आले.

खुले टेनिस : धंदेवाईकांना प्रमुख स्पर्धांत प्रवेश द्यावा, असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघापुढे १९६० साली आला होता; आवश्यक बहुमतास अवघी पाच मते कमी पडल्याने तो बारगळला. सेगूरा त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा होता. अखेर ३० मार्च १९६८ रोजी पॅरिस येथील सभेत महासंघाने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली आणि त्या वर्षी विंबल्डनचे दरवाजे सर्वांना उघडले. सत्तेचाळीस वर्षांचा सेगूरा त्या पहिल्या खुल्या विंबल्डनमध्ये दुहेरीत खेळला. त्याचा जोडीदार अलेक्स ओल्मेडो हा होता. दक्षिण आफ्रिकेच्या एब सीगल व गॉर्डन फोर्ब्स या जोडीविरुद्धचा पहिला डाव त्यांनी ३२–३० असा जिंकला. बासष्ट गेमांचा हा डाव विंबल्डनच्या खुल्या पर्वातील सर्वांत दीर्घ डाव म्हणून बेचाळीस वर्षे नोंदला गेला. २०१० मध्ये जॉन इस्नर व निकोला माहू यांच्या एकेरी सामन्यातील अखेरच्या डावाने (७०–६८) तो उच्चांक मोडला. वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवलेल्या खेळाडूच्या नावावर अखेर विंबल्डनची एक नोंद लागली, ती अशी.

प्रशिक्षक : १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी सेगूरा कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स टेनिस क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. चित्रपटसृष्टीतील अनेक नामवंत या क्लबाचे सभासद होते. ज्याचे बालपण श्रीमंतांच्या क्लबात चेंडू वेचण्यात गेले, तोच आता दुसऱ्या एका श्रीमंत क्लबात गुरुस्थानी होता. सभासदांना शिकविणे हे त्याच्या चरितार्थाचे साधन होते. परंतु त्याचे खरे लक्ष होतकरू मुलांकडे असे. पॅसाडीना येथील टेनिसप्रेमींच्या साहाय्याने त्याच्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांत स्टॅन स्मिथ हा होता. स्मिथ हा पुढे १९६८ चा महाविद्यालयीन विजेता, १९७१ चा अमेरिकन विजेता व १९७२ चा विंबल्डन विजेता झाला. सेगूराचा मुलगा स्पेन्सर हाही लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून टेनिस खेळला.

१९६८ मध्ये इलिनॉय राज्यातील ग्लोरिया कॉनर्स ही टेनिसशिक्षिका आपला मुलगा जिमी (जन्म २ सप्टेंबर १९५२) याला घेऊन सेगूराकडे आली. जिमीला आई व आजी यांनीच शिकविले होते. तो डावखुरा असून पाठीकडील बाजूचा फटका (बॅकहँड) दोन्ही हातांनी मारीत असे. चणीने तो लहान होता व त्याची सर्व्हिस भेदक नव्हती. चेंडू उसळी घेऊन वर येत असतानाच टोलविणे व सर्व्हिस जोरात परतविणे ही त्याची बलस्थाने होती. या मुलाच्या खेळाची जातकुळी सेगूराच्या स्वतःच्या खेळाशी मिळतीजुळती होती. त्याने जिमीचे मूळ फटके बदलले नाहीत. हे फटके कोर्टाच्या कोणत्या भागातून, कोणत्या दिशेने आणि कोणत्या गुणसंख्येवर वापरावयाचे, हे त्याने शिकविले. सराव संपल्यावर क्लबाच्या उपाहारगृहात बसून तो कागदी हातरुमालांवर कोर्टाच्या आकृत्या काढी व डावपेच समजावून सांगे. सामना चालू असताना प्रशिक्षकाने सूचना देण्यास त्या काळी स्पर्धांत मनाई होती. त्यामुळे सर्व विचार आधीच शिष्याच्या अंगी मुरविणे भाग असे.

कॉनर्स १९७१ मध्ये, विद्यापीठातील पहिल्याच वर्षी, महाविद्यालयीन विजेता झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे पद मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती. १९७२ मध्ये त्याने व्यावसायिक टेनिसमध्ये प्रवेश केला. १९७४ हे त्याचे सुवर्णवर्ष ठरले. ऑस्ट्रेलियन, विंबल्डन व अमेरिकन या तिन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या आणि वर्षभरात एकूण चारच सामने गमावले. फ्रेंच स्पर्धेत मात्र त्याला प्रवेश नाकारण्यात आला. कारण त्याने अमेरिकेतील सांघिक टेनिसच्या नव्या उपक्रमाशी करार केला होता. धंदेवाईक म्हणून गुरूला बंद झालेली दारे आणि करारामुळे शिष्याला बंद झालेले हे दार यांतील साम्य लक्षणीय आहे. त्या वर्षी विंबल्डन व फॉरेस्ट हिल्स येथील अंतिम सामन्यांत कॉनर्सने ज्याला सहज हरविले, तो एकोणचाळीस वर्षांचा केन रोझवॉल हा सेगूराचा दौऱ्यांतील जुना प्रतिस्पर्धी होता. रोझवॉलची बलस्थाने व मर्यादा सेगूराला पाठ होत्या.

पुढील वर्षी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात आर्थर अ‍ॅशने कॉनर्सला ६–१, ६–१, ५–७, ६–४ असे हरविले. अ‍ॅशने आपला नेहमीचा जोरकस खेळ बाजूला ठेवून संथ व खाली राहणारे चेंडू दिले आणि कॉनर्सला वेगाचा आधारच मिळू दिला नाही. समोरच्याच्या मर्मावर बोट ठेवून खेळ आखणे हे तत्त्व सेगूरा आयुष्यभर शिकवीत आला होता. ते त्याच्या श्रेष्ठ शिष्याविरुद्धच यशस्वी झाले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. पण त्यातून त्या तत्त्वाची सत्यताही सिद्ध झाली.

१९७१ च्या सुमारास सेगूरा सॅन डिएगोच्या उत्तरेकडील कार्ल्सबॅड येथील ला कोस्टा या विश्रामस्थानी मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला व तेथेच स्थायिक झाला. ग्लॅडिस हेल्डमन हिच्या सहकार्याने त्याने लिहिलेला टेनिसमधील डावपेचांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. फटके कसे मारावेत यापेक्षा ते केव्हा मारावेत, यावर त्यात भर आहे. १९९० नंतरच्या दशकात आंद्रे आगासीलाही काही काळ त्याचा सल्ला लाभला. १९८४ मध्ये न्यूपोर्ट (ऱ्होड आयलंड) येथील आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात त्याचा समावेश करण्यात आला. १९९१ मध्ये त्याने अमेरिकन नागरिकत्व स्वीकारले. कार्ल्सबॅड येथेच कंपवाताच्या विकाराने वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

मूल्यमापन : सेगूरा अमेरिकेत गेला, तेव्हा एक्वादोरमध्ये टेनिस हा मूठभर धनिकांचा खेळ होता. १९६७ मध्ये त्या देशाच्या संघाने ग्वायाकील येथे बलाढ्य अमेरिकेला डेव्हिस चषकाच्या लढतीत ३–२ असे हरविले आणि १९९० मध्ये ग्वायाकीलचाच आंद्रेस गोमेझ फ्रेंच स्पर्धेचा विजेता झाला. या परंपरेचा आरंभ सेगूरापासून होतो. दोन्ही बाजूंना दोन्ही हात वापरून खेळणाऱ्या मोनिका सेलेस व मारियन बार्तोली या विजेत्या खेळाडूंनी त्याच्या पद्धतीची उपयुक्तता नव्या काळातही दाखवून दिली.

१९४७ ते १९६८ या कालखंडातील प्रमुख स्पर्धांचे विजेते हे त्या त्या वर्षीचे केवळ सर्वोत्तम हौशी खेळाडू होते. त्याच काळात दुसरीकडे, घडीच्या कोर्टांवर, त्यांच्याहून सरस खेळाडू खेळत होते, ही गोष्ट विजेत्यांच्या याद्या वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. क्रेमर व गोन्झालेझ यांच्याप्रमाणेच सेगूराच्या वाट्यालाही ही उपेक्षा आली. पण क्रेमरने व्यवस्थापक म्हणून व सेगूराने शिक्षक म्हणून तिच्यावर आपापल्या परीने मात केली. शारीरिक उणिवेतून सेगूराने आपली शैली घडविली आणि ज्या स्पर्धा त्याला स्वतःला खेळता आल्या नाहीत, त्या जिंकण्याची विद्या त्याने पुढच्या पिढीच्या हाती दिली. महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा त्याचा विक्रम आजही कायम असला, तरी टेनिसला त्याने दिलेली ही विद्याच त्याची अधिक मोठी देणगी होय.